पांढऱ्या वाइनला लागलेलं लाकूड

किरनापूरच्या माणसासमोर दारूचा विषय काढला की त्याला मोहाचं झाड दिसतं. मार्च-एप्रिलच्या पहाटे झाडाखालची जागा झाडून ठेवलेली असते, बायका-पोरं टोपल्या घेऊन फुलं वेचतात, अंगणात वाळत घालतात. बरीचशी विकली जातात, काही मडक्यात जातात. आंबवायची, उकळायची, वाफ थंड करून थेंब धरायचे. तयार झालेली चार दिवसांवर राहत नाही. बालाघाट जिल्ह्याचा निम्मा भाग जंगलाचा. साग, साल, बांबू यांना तोटा नाही. तरी दारू लाकडात मुरवावी असं आमच्या मुलखात कुणाच्या डोक्यात आलं नाही. मुरवण्यासाठी लाकूड विकत आणायचं, तेही फ्रान्सहून, असं कुणी सांगितलं तर चौकातली मंडळी त्याला आधी पाणी पाजतील आणि मग घरी सोडून येतील.

नाशिककडे मात्र हे चालतं, आणि तेही पांढऱ्या वाइनसाठी. लाल वाइन पिंपात मुरते हे ऐकून होते. पांढरी म्हणजे थंडगार, हलकी, उन्हाळ्यातली. तिला लाकूड कशाला? हा प्रश्न डोक्यात घेऊन फेब्रुवारीत निघाले.

किरनापूरहून महाराष्ट्रात शिरायला वेळ लागत नाही. रजेगावला बाघ नदीवरचा पूल ओलांडला की गोंदिया जिल्हा. गोंदियाहून दुपारी विदर्भ एक्स्प्रेस धरली की पहाटे नाशिकरोड. मधल्या वेळात अख्खं राज्य आडवं पार होतं, धानाच्या बांध्यांपासून कपाशीपर्यंत आणि पुढे अंधारात कांद्यापर्यंत. डब्यातल्या बालाघाटच्या एका काकूंनी विचारलं, कुठवर? दिंडोरीला, म्हटलं. "मग बाई, उलट्या गाडीत बसलीस की!" मी निघालेले नाशिकजवळच्या दिंडोरीला; आमच्याकडची डिंडोरी मंडल्याच्या पलीकडे. गंमत अशी की मध्य प्रदेश सरकारने २०२२ मध्ये मोहाच्या दारूला वारसा मद्य म्हणून बाजारात आणायचं ठरवलं, तेव्हा सुरुवातीला निवडलेल्या जिल्ह्यांत ती डिंडोरीही होती. म्हणजे दोन्हीकडे मद्यच. काकूंना एवढं सगळं सांगितलं नाही. नातेवाइकांकडे चाललेय म्हटलं, ते खोटंही नव्हतं.

नाशिकची द्राक्षं जुनी, वाइन तशी नवी. महाराष्ट्रात आधुनिक वाइनची सुरुवात पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला झाली. १९८०च्या दशकात शामराव चौगुल्यांनी शातू इंडेज उभी केली आणि तिथली फेसाळती वाइन परदेशातही गेली. नाशिकचं पान उलटलं ते १९९७च्या सुमारास. राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून आले आणि गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीवर त्यांनी वाइनच्या द्राक्षांची लागवड केली. २००० साली पहिल्या बाटल्या आल्या, त्या शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्यों ब्लाँ या पांढऱ्या वाइनच्या. आईच्या सुलभा या नावावरून कंपनीचं नाव सुला. २००१मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, वाइनला उत्पादन शुल्कात सवलत दिली, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क काढले. मग बघताबघता वायनऱ्या उगवल्या. त्यातल्या बऱ्याच २००९-१०च्या आसपास आडव्याही झाल्या. आधी मंदी, त्यात मुंबईवरच्या हल्ल्यानंतर ओस पडलेली हॉटेलं, टाक्यांत पडून राहिलेली वाइन. इंडेजसारखी मोठी कंपनी बुडाली आणि शेतकऱ्यांनी वाइनच्या बागांवर कुऱ्हाड चालवली. आजही दिंडोरी-निफाडकडे वयस्क बागायतदाराशी वाइनचा विषय काढला की तो आधी ते दिवस सांगतो, मग बाग दाखवतो.

मला बाग दाखवणारे काका त्यातलेच. एका बाजूला त्यांचं थॉमसन, म्हणजे खायचं द्राक्ष, आणि वाटेच्या पलीकडे दोन एकर शेनिन ब्लाँ, वायनरीशी करार केलेलं. दोन्ही बागांमध्ये फक्त बैलगाडीची वाट. पण शेती दोन प्रकारची. थॉमसनच्या मांडवाखाली गेलं की वर घड लोंबतात, मणी टपोरे, एकसारखे, कारण त्यांची विरळणी झालेली असते आणि घड जीएच्या, म्हणजे मणी फुगवणाऱ्या संप्रेरकाच्या, द्रावणात बुडवलेले असतात. व्यापाऱ्याला मणी मोठा हवा. शेनिनच्या बागेत मांडव नाही. तारांवर उभी भिंत केलेली, ओलांडा, म्हणजे खोडाचा आडवा हात, कमरेएवढ्या उंचीवर, त्यावर काड्या सरळ वर बांधलेल्या. घड मुठीत मावतील एवढे, मणी बारीक आणि एकमेकांत घट्ट बसलेले. इथे जीए नाही, विरळणी नाही. "हिला लाड चालत नाही," काका म्हणाले. मणी लहान तर सालीचं प्रमाण जास्त, आणि चव सालीत व सालीलगतच्या गरात असते. थॉमसनचं एकरी दहा-बारा टन निघतं तिथे वाइनचं चार-सहा टनांवर थांबवावं लागतं. जास्त माल लादला तर साखर चढत नाही आणि रस पाणचट होतो.

खोड खाली डॉगरिजचं, वर कलम शेनिनचं. डॉगरिजची मुळं अवर्षण आणि खारवट पाणी सोसतात, म्हणून महाराष्ट्रातल्या बहुतेक बागा या खुंटावर उभ्या आहेत. ठिबक आहेच. छाटण्या दोन, पीक एक, हे आपल्याकडच्या द्राक्षाचं वैशिष्ट्य. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. भर उन्हाळ्यात काडी तयार होते आणि पुढच्या घडाची बीजं तिच्या डोळ्यांत बसतात. पाऊस ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात, गोडी छाटणी. त्यानंतर फुटतो तो माल. युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो आणि उन्हाळ्यात पिकतो. आपला वेल झोपतच नाही. पावसाळ्यात त्यावर फळ ठेवलं तर डाउनी आणि करपा हे रोग काही शिल्लक ठेवणार नाहीत, म्हणून फळ थंडीत ढकललेलं. नाशिकची पांढरी द्राक्षं जानेवारी-फेब्रुवारीत तुटतात, जेव्हा फ्रान्सच्या बोर्दोतल्या वेलींवर पानही नसतं.

थंडी हे इथलं खरं भांडवल. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास. दिवसा ऊन तापतं आणि रात्री पारा दहाच्या खाली जातो. दिवसाच्या उन्हाने साखर चढते, रात्रीच्या गारव्याने आंबटपणा टिकतो. पांढऱ्या वाइनचा जीव त्या आंबटपणात असतो. फेब्रुवारीच्या मध्यावर रात्री उबदार व्हायला लागल्या की तो झपाट्याने उतरतो आणि मग रोज सकाळी बागेत धावपळ. काकांनी एक मणी चिरडून त्याचा थेंब साखर मोजणाऱ्या ब्रिक्स मीटरच्या काचेवर टाकला आणि नळी माझ्या डोळ्याला लावली. निळ्या-पांढऱ्या रेषेची सीमा एकवीस आणि बावीसच्या मध्ये. मग दुसरा मणी त्यांनी तोंडात टाकला, साल चावली आणि बी तळहातावर काढून दाखवलं. बी तपकिरी, दातांखाली कडकन फुटणारं. हिरवं आणि चिवट असेल तर आकडा काहीही सांगो, तोडायचं नाही. करारात दर साखरेवर ठरतो, तरी काका बियांवर विश्वास ठेवतात. वायनरीतला मुलगाही येऊन बीच चावतो, असं त्यांनी थोड्या अभिमानाने सांगितलं.

तोडणी अंधारात सुरू होते. डोक्याला दिवा, हातात कात्री, पुढ्यात प्लास्टिकचे क्रेट. क्रेट भरून वर चेंगरायचे नाहीत, कारण फुटलेला मणी तिथेच आंबायला लागतो. ऊन चढायच्या आत टेम्पो वायनरीच्या दारात हवा. गंगापूर भागातल्या एका छोट्या वायनरीत मी तो टेम्पो उतरताना बघितला. निवडीच्या पट्ट्यावर बायका पाला, सुकलेले मणी, एखादा गोगलगायीचा जीव बाजूला काढत होत्या. पुढे यंत्र देठ वेगळे करतं, मग माल प्रेसमध्ये. प्रेस म्हणजे आडवं मोठं नळकांडं, आत रबरी फुगा. तो हळूहळू फुगतो आणि द्राक्षं जाळीवर दाबली जातात. बी फुटता कामा नये, म्हणून दाब अगदी बेताचा. लाल वाइन सालीसकट आंबते. पांढरीला साल आधीच बाजूला काढतात. एका बाटलीला साधारण सव्वा किलोच्या आतबाहेर द्राक्षं लागतात. खाली पडणारा रस ताज्या उसाच्या रसासारखा गढूळ हिरवा. एक रात्र थंड टाकीत ठेवला की गाळ बसतो.

इथून वाटा फुटतात. बहुतेक पांढरी वाइन स्टीलच्या टाकीत, चौदा-सोळा अंशांवर, दोन-तीन आठवडे आंबते आणि काही महिन्यांत बाटलीत जाते. पेरू, लिंबू, हिरवं सफरचंद असे सगळे वास त्या थंडीत टिकतात. थोडा रस मात्र आंबायला सुरुवात झाली की पिंपात उतरवतात.

ती पिंपांची खोली बघायला मी आले होते. जाड दार उघडलं आणि अंगावर गारवा आला. सोबत ओल्या लाकडाचा आणि यीस्टचा वास. लोखंडी घोड्यांवर दोन थरांत पिंपं आडवी. प्रत्येकाच्या तोंडावर खडूने लिहिलेलं: वाण, बागेचा नंबर, साल. पोटाशी वरच्या बाजूला एक भोक, त्यात सिलिकॉनचं बूच. वाइनमेकर मुलगी नाशिकचीच, तिशीच्या आतली. तिने एक बूच काढलं आणि टोकाला वाकलेली स्टीलची काठी आत घालून ढवळायला लागली. तळाशी मेलेल्या यीस्टचा पांढरट गाळ असतो. तो दर आठवड्या-दोन आठवड्यांनी उठवायचा. यीस्टच्या पेशी हळूहळू फुटतात, त्यातून निघणारे घटक वाइनला भरीवपणा देतात, आणि गाळ ऑक्सिजन शोषतो म्हणून वाइन पिवळी पडत नाही. काठीचा आवाज पोकळ येत होता. तिने माझ्या हातात काठी दिली. वाटतं त्यापेक्षा जड काम, खांदा भरून येतो.

मी विचारलं, आमच्याकडे एवढा साग आहे, त्याची पिंपं का नाही करत? ती हसली नाही, नीट उत्तर दिलं. सागात तेलं असतात, म्हणून तो वाळवीला दाद देत नाही आणि म्हणूनच त्याची कडवट, औषधी चव वाइनला सोसणार नाही. पिंपाच्या लाकडाला तीन गोष्टी जमाव्या लागतात: गळायचं नाही, वाकायचं, आणि चव बिघडवायची नाही. ओकच्या खोडातल्या नळ्या कालांतराने आतून बुजतात, त्यामुळे लाकूड पाणी धरतं. उत्तराखंडातला बांजही ओकच्याच कुळातला, पण पिंपांचा धंदा उभा आहे तो मुख्यतः फ्रान्स, अमेरिका आणि पूर्व युरोपातल्या ओकवर.

फ्रान्समधलं त्रोंसेचं जंगल या बाबतीत नावाजलेलं. सतराव्या शतकात चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने आरमाराच्या जहाजांसाठी जंगलांना शिस्त लावली. लाकडी जहाजांचा जमाना गेला, ओक राहिले, आणि आज त्यातले दीड-दोनशे वर्षांचे वृक्ष वाइनवाल्यांच्या कामी येतात. फ्रेंच ओक करवतीने कापत नाहीत, रेषेच्या कलाने फाडतात. आडवा कापला तर फळी पाझरेल. त्यामुळे ओंडक्याचा मोठा भाग वाया जातो. फळ्या दोन-तीन वर्षं उघड्यावर रचून ठेवायच्या. पाऊस त्यांच्यातला कडू तुरटपणा धुऊन नेतो. मग विस्तवावर वाकवायच्या, लोखंडी कड्यांत आवळायच्या. खिळा नाही, डिंक नाही. शेवटी आतून शेकायचं, हलकं, मध्यम किंवा जोरात, गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे. त्या शेकण्यातच निम्मा स्वयंपाक असतो. उष्णतेने लाकडातून व्हॅनिलिन निघतं, म्हणजे व्हॅनिलाचा तोच वास. युजेनॉल निघतं, जे आपल्या लवंगेत असतं. जास्त शेकलं तर धुराचा वास. ओकमधली लॅक्टोन्स भाजक्या खोबऱ्याचा वास देतात, आणि ती अमेरिकन ओकमध्ये जास्त.

पिंपाचं दुसरं काम दिसत नाही. लाकडातून आणि सांध्यांतून हवा अगदी कणाकणाने आत येते. वाइनचे तिखट कोपरे त्याने गोल होतात. त्याच वाटेने थोडी वाइन उडूनही जाते, म्हणून पिंपं मधूनमधून वरपर्यंत भरून घ्यावी लागतात. फ्रान्सच्या बर्गंडीत तळघर आपोआप थंड असतं. नाशिकला एप्रिलमध्ये बाहेर चाळीस अंश आणि आत पंधरा ठेवायचे, म्हणजे वीजबिल, जनरेटर, आणि लाइट गेली की रात्री-बेरात्री येणारा फोन. ही मुलगी उन्हाळ्यात सुट्टी घेत नाही.

आता हिशोब. बोर्दोच्या मापाचं पिंप २२५ लिटरचं, म्हणजे बरोबर ३०० बाटल्या. नवं फ्रेंच पिंप वाहतूक धरून पाऊण लाख ते लाखाच्या घरात पडतं. म्हणजे नव्या पिंपातून निघालेल्या प्रत्येक बाटलीवर अडीचशे ते सव्वातीनशे रुपये निव्वळ लाकडाचे. द्राक्षं, काच, बूच, वीज, कर सगळं वेगळं. पहिल्या वर्षी पिंप सर्वांत जास्त चव सोडतं, दुसऱ्या वर्षी कमी. तीन-चार हंगामांनंतर ते जवळजवळ चवीला गप्प होतं, पण हवा द्यायचं काम चालूच ठेवतं. स्वस्तात वास हवा असणारे स्टीलच्या टाकीत ओकच्या चिपा किंवा फळ्या सोडतात. बेकायदा नाही, वासही येतो. फक्त ती हवा आणि तो वेळ येत नाही.

तिने माझ्यापुढे तीन ग्लास ठेवले. तिन्हींत एकाच बागेची शेनिन, एकाच वर्षाची. पहिली स्टीलमधली: पाण्यासारखी फिकी, नाकाशी नेली की पेरू आणि लिंबाची साल, जिभेवर चटकन येऊन चटकन गेली. दुसरी नव्या पिंपातली: रंग सोनेरी, वास दाराशीच उभा, व्हॅनिला, भाजलेलं खोबरं, मागे लवंग. पहिला घोट मोठा भारी वाटला. दुसऱ्या घोटाला मी द्राक्ष शोधत होते. तिसरी चार हंगाम वापरलेल्या पिंपातली. हिला लाकडाचा वास म्हणून सांगता येईल असा काही नव्हताच. पेरू होता, पण पिकलेला, थोडा मध, आणि घोट तोंडात रेंगाळत होता, जाडसर, शेवटाला आंबट. मी तिसऱ्या ग्लासवर बोट ठेवलं. ती म्हणाली, पर्यटक दुसरा उचलतात आणि आम्ही तिसरा.

यानंतर मी जिथे जिथे ओकवाली पांढरी चाखली तिथे हीच कसोटी लावत गेले, आणि माझं मत पक्कं झालं. जगात ओक आणि शार्डोने या पांढऱ्या द्राक्षाची जोडी गाजलेली, कारण बर्गंडीत शार्डोनेला स्वतःचा फार वास नसतो, आंबटपणा भरपूर असतो आणि लाकूड तिच्यावर शोभतं. तिथे आणखी एक गोष्ट होते. मॅलिक आम्ल, जे हिरव्या सफरचंदात असतं, जिवाणू त्याचं लॅक्टिक आम्ल करतात, म्हणजे आपल्या दह्या-ताकातलं. त्या खटपटीत डायअॅसिटिल तयार होतं आणि वाइनला लोण्याचा वास येतो. थंड मुलखात आंबटपणा कमी झालेला बराच. आपल्याकडे मुळात तो उन्हाने खाल्लेला असतो. उरलेला जपायचा की लोण्यासाठी उधळायचा? म्हणून इथले बरेच वाइनमेकर ती पायरी होऊच देत नाहीत, किंवा थोड्या पिंपांपुरतीच होऊ देतात. शार्डोने या हवेत लवकर फुटते, लवकर पिकते आणि माल कमी देते. ती इथे कुणी करू नये असं मी म्हणणार नाही, पण तिच्यापायी नव्या पिंपांवर पैसा ओतून बर्गंडीची नक्कल करण्यात मला अर्थ दिसत नाही. शेनिनने नाशिकची माती पकडली आहे. फ्रान्सच्या लुआर खोऱ्यात आणि दक्षिण आफ्रिकेत तिला जुन्या पिंपांत ठेवतात आणि जग ती आनंदाने पितं. नाशिकची वाट मला तिकडून जाताना दिसते. सुलाच्या 'द सोर्स' मालिकेत ओकचा स्पर्श असलेली शेनिन आहेच.

निफाडला गेले ते थंडीच्या कुतूहलाने. वर्तमानपत्रांत डिसेंबर-जानेवारीत 'निफाडचा पारा घसरला' अशी बातमी येते, तो पारा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला. काही वेळा तो पाचाच्याही खाली जातो आणि द्राक्षवाले रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. त्याच कुंदेवाडीत रेव्हिलो ही वायनरी आहे, यतीन पाटलांची. इटलीहून आलेले ग्रिलो, नेरो दाव्होला असे वाण इथे लावले, आणि पिंपातली शार्डोनेही त्यांनी इतरांच्या बऱ्याच आधी काढली. त्यांच्या शार्डोने रिझर्वमध्ये लाकूड आहे, पण वेसण घातलेलं. शार्डोनेबद्दलचं माझं मत निफाडपुरतं थोडं सैल करायला मी तयार आहे. तिकडे सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ मोटेवाडीला फ्रातेली आहे. उसाच्या मुलखात मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेक्की अशा तीन घरांतल्या भावांनी मिळून काढलेली. वाइन करायला टस्कनीतले पिएरो मासी. त्यांची 'विते' शार्डोने पिंपातली, आणि भारतातल्या ओकवाल्या पांढऱ्यांत तिचं नाव पहिल्या काहींत घेतलं जातं. रुंद, लोण्याच्या वासाची, सायीसारखी. मला ती जेवणाशिवाय जड वाटते. जेवणासोबत वेगळी गोष्ट.

शनिवार-रविवारी नाशिकच्या चाखण्याच्या खोल्यांत मुंबईचा महापूर असतो. ग्लास फिरवणारे, फोटो काढणारे, वाइनमध्ये बर्फ मागणारे. बर्फ मागणाऱ्यांना मी हसत नाही. उन्हातून आलेल्या माणसाला थंड हवं असतं. पण ओकवाली पांढरी फार थंड दिली तर तिचा वास गोठतो आणि फक्त लाकडाचा कडूपणा उरतो, ही खरी अडचण. साधी पांढरी आठ अंशांवर ठीक. हिला दहा ते तेरा हवेत. घरी सोपं गणित: फ्रीजमधून काढून वीसेक मिनिटं ओट्यावर ठेवायची. ग्लासही थोडा रुंद पोटाचा. महाराष्ट्रात वाइनला वयाची अट २१ वर्षांची आणि कागदोपत्री परवाना लागतो, हेही जाताजाता. २७ जानेवारी २०२२ला मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला. अण्णा हजाऱ्यांनी उपोषणाचा इशारा दिला आणि निर्णय कागदावरच राहिला. काकांना याबद्दल विचारलं तर म्हणाले, "दुकान कुठलं बी असू द्या, आमचा माल वेळेवर उचला."

परतताना गोंदियाला नणंदेकडे थांबले. नंदोई राइस मिलवाले. माझ्या फोनवरच्या बढाया ऐकून त्यांनी नागपूरहून पिंपातल्या शेनिनची एक बाटली मागवून ठेवली होती. गोंदियातच प्यायची, पूल ओलांडून न्यायची नाही, असं आधीच ठरलेलं, कारण राज्य बदललं की दारूचे नियम बदलतात. बाटलीची पहिली परीक्षा मी डोळ्यांनी घेतली. विदर्भाच्या उन्हाळ्यात दुकानाच्या काचेशी वर्षभर उभी राहिलेली पांढरी आंब्याच्या रसाच्या रंगाला जाते. ही फिकट सोनेरी होती; बरी निघायची आशा.

नणंदेने तीन गोष्टी केल्या होत्या. सावजी वळणाचा कोंबडीचा रस्सा, तांदळाचं पीठ लावून तळलेला रोहू, आणि चिन्नोरचा भात, त्यावर साधं वरण नि तूप. चिन्नोर आमचा, बालाघाटचा. २०२१मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. बारीक दाणा, शिजताना घरभर वास. रस्सा आणि वाइन पहिल्याच घासाला भांडले. तिखटावर मद्याचा जाळ वाढला, लाकूड कडू लागलं, आणि रश्श्याचीही मजा गेली. वाइनची बाजू घेऊन रश्श्यात तिखट कमी कर म्हणणारी सून गोंदियात टिकणार नाही, म्हणून ग्लास बाजूला ठेवला आणि रस्सा आधी संपवला. रोहूने सूर जुळवला. तळणीचा कुरकुरीतपणा, वर पिळलेलं लिंबू, आणि वाइनचा शेवटचा आंबटपणा तेलाला कापत गेला. पण पैकीच्या पैकी मिळाले ते वरण-भात-तुपाला. तुपाचा भाजका, खमंग वास आणि वाइनची जाडी एकाच पट्टीत, आणि चिन्नोरचा सुगंध दोघांच्या मधून वर आला. इंग्रजी पुस्तकांत या वाइनसोबत लोण्यातली शेवंडं आणि मलईतली कोंबडी सांगतात. वरणभात कुणी सांगितलेला नाही. पावसाळ्यात जंगलातली पिहरी, म्हणजे रानटी मशरूम, नुसत्या लसणावर परतून हिच्यासोबत खायची, हे मी तेव्हाच ठरवून टाकलं.

नणंदेच्या सासूबाईंनी ग्लास नाकाशी नेला, मोहापेक्षा सौम्य आहे म्हणाल्या आणि परत ठेवला. नंदोयांनी दोन घोट घेतले आणि किंमत विचारायला लागले. बाटलीची त्यांना ठाऊकच होती; त्यांना पोटभाग हवा होता. द्राक्षाचे किती, बाटलीचे किती, कराचे किती. मी लाकडाचा आकडा सांगितला, नव्या पिंपाचा आणि चार हंगाम वापरलेल्याचा वेगवेगळा.

"आणि चव कुठल्याची बरी?"

"जुन्याची."

"मग नवं घेतात कशाला?" ते म्हणाले. "आम्ही बारदाना दोन-तीनदा वापरतो, तांदूळ कधी तक्रार करत नाही."

मी सांगितलं की जुनं व्हायला आधी कुणीतरी नवं घ्यावं लागतं, आणि नव्याचं पहिलं पाणी बहुतेक लाल वाइनच्या पोटात किंवा पर्यटकाच्या ग्लासात जातं. हे त्यांना पटलं. उरलेली बाटली बूच लावून फ्रीजच्या दारात ठेवली. तीन-चार दिवस तिला काही होत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बालाघाटच्या बसला मला सोडायला आले, तेव्हा स्टँडवर त्यांनी विचारलं की नाशिकला जुनी पिंपं विकतात का, मिलच्या अंगणात पाणी साठवायला बरी पडतील.